गायरानाचा ठराव

भुरकेवाडी
२ जुलै २०२४

अहो,

फोनवर काही बोलायचं म्हटलं की आई स्पीकर लावतात, तेवढ्यात कुणीतरी रहिवासी दाखल्यासाठी दारात येऊन उभं राहतं, आणि तुमच्याकडं खोलीभर माणसं. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. तुम्हीही तसंच पाठवा. गाडीत बसून वाचू नका, कॅम्पवर गेल्यावर निवांत वाचा.

गोष्ट अशी आहे. एक सोलर कंपनी आपलं गायरान मागते आहे. देवळाच्या मागून तलावापर्यंतचा सगळा माळ, साठ एकर. जमीन सरकारची, पण कलेक्टर ऑफिसला ग्रामसभेचा ठराव हवा आणि ठरावाखाली सरपंचाची सही. म्हणजे माझी.

हे शहाजीभाऊजींनी आणलं आहे. परवा ते कंपनीच्या अधिकाऱ्याला घेऊन थेट घरीच आले. कैवल्य नाव त्याचं, वयानं लहानच आहे, बोलायला नम्र. त्यानं पलंगावर नकाशा पसरला. भाऊजी त्याला म्हणाले, "आमच्या वहिनींची काळजी करू नका. यांचा नवरा कतारला सोलरवरच आहे. सही झालीच समजा." मी पाण्याचे तांबे घेऊन उभी होते, ती तशीच उभी राहिले.

मला ठाऊक आहे मी सरपंच कशी झाले ते. जागा महिलेची निघाली, भाऊजींना तिसरं मूल असल्यामुळं त्यांच्या घरातून कुणाला उभं राहता येईना, आणि नवरा परदेशात असलेली चुलतवहिनी त्यांना सोयीची वाटली. निवडून आल्यावर पहिले तीन महिने मी ते सांगतील तिथं सही केली. आता नाही करत. वाचून करते. त्याला वेळ लागतो, आणि लोकांना वाटतं बाई अडवून धरते.

भाऊजी म्हणाले, तुमच्यासाठी सुपरवायझरची जागा धरून ठेवली आहे. हे ऐकून आई रडल्या.

तुम्ही रोज तो प्लांट बघता. उभा राहिल्यावर तिथं कितीसं काम उरतं? पॅनेलखाली गवत येतं का? आत जनावरं सोडू देतात का? एवढं मला नीट लिहून पाठवा.

प्रांजलचे दहावीचे जादा तास सुरू झाले. तुमचा गुडघा कसा आहे?

तुमची,
बबीता


दुखान
१२ जुलै २०२४, शुक्रवार

बबीता,

तुझं पत्र नमाजाच्या सुट्टीत वाचलं, मग जेवून परत वाचलं. खोलीतली सगळी झोपलीत. बाहेर ऊन असं की दाराच्या कडीला हात लावता येत नाही.

शहाजीनं मला आधीच फोन केला होता. मी तुला सांगितलं नाही, म्हटलं तूच सांगशील. अगं, एवढा विचार कसला करतेस? नऊ वर्षं झाली मला इथं. पहाटे दुखानच्या कॅम्पवरून माणसं भरायची, वाळवंटात प्लांटवर नेऊन सोडायची, दुपारी उन्हाची सुट्टी झाली की परत आणायची, संध्याकाळी पुन्हा तेच. रस्ता सरळ. वळणसुद्धा नाही. कधी कधी वाटतं, मी गाडी चालवत नाही, रस्ताच माझ्याखालून सरकतोय.

मी मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, सांगून टाकलंय की जानेवारीत करार संपला की मी वाढवणार नाही. गुडघा आता क्लच दाबताना कळ मारतो. गावातच सुपरवायझर म्हणून उभं राहायचं, संध्याकाळी घरी यायचं, आईच्या हातची नाही तर तुझ्या हातची भाकरी खायची. अजून काय पाहिजे माणसाला?

गायरानात आहे काय? कुसळं. उन्हाळ्यात तर तीही नाहीत. सोलर चांगली गोष्ट आहे, धूर नाही, आवाज नाही. पंधरा ऑगस्टला ठराव घे आणि मोकळी हो. शहाजीला दुखवू नकोस, आपल्यातलाच आहे.

खोलीतला नसरुद्दीन तुला सलाम सांगतो. रत्नागिरीचा, स्टोअरला आहे. म्हणतो, "भाभी सरपंच म्हणजे तू आता कॅम्पचा पाटील!" सगळ्यांनी हसून घेतलं.

मच्छिंद्र


भुरकेवाडी
१८ ऑगस्ट २०२४

अहो,

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. झेंडावंदनाला गाव होतं, लाडू वाटून झाल्यावर पांगलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी गायरानात गेले होते, एकटीच, सकाळी. लग्न होऊन आल्यापासून मी तिकडं कधी नीट फिरलेच नव्हते, देवळापर्यंतच. तुम्ही म्हणता कुसळं आहेत. पावसानंतर ती कुसळं नसतात. पवना आहे, मारवेल आहे, तलावाच्या अंगाला तर माझ्या गुडघ्याएवढं गवत. तानूबाई शेरडं घेऊन होती. वरच्या आळीची ती म्हातारी, जिचा नवरा विहिरीच्या कामावर असताना वारला ती. मला बघून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सरपंच, मोजायला आलीस का?"

मी म्हटलं, नाही, बघायला.

"मग बस की. बघायला बसावं लागतं."

बसले. तिनं सांगितलं कुणाकुणाची जनावरं तिथं येतात. वरच्या आळीतली जवळजवळ सगळी. ज्यांना बांधसुद्धा नाही अशी घरं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर उतरतात, त्यांचा तळ तिथंच पडतो. बायका जळण आणतात. हे सगळं कंपनीच्या नकाशात पांढरं आहे. मी कैवल्यला तसं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, सातबाऱ्यावर वापर नाही म्हणून आम्ही रिकामं दाखवलं."

मी तुम्हाला तीन गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही एकीचंही उत्तर दिलं नाहीत. तिथं काम किती उरतं, गवत येतं का, जनावरं सोडतात का. मला हे लोकांना सांगायचं आहे. भाऊजी सांगतात गावातल्या प्रत्येक पोराला काम मिळेल. ते खरं असेल तर मी स्वतः हात वर करते.

तुम्ही यावं असं मला वाटत नाही असं समजू नका. प्रांजल पाच वर्षांची होती तुम्ही गेलात तेव्हा.

बबीता


दुखान
२३ ऑगस्ट २०२४

बबीता,

तुला स्पष्टच विचारतो. मी परत यायला नकोय का तुला?

नवरा जवळ येतोय म्हटल्यावर दुसरी बाई देवाला नारळ फोडेल. तू शेरडं मोजतेस. तानूबाई काय आपल्या घरात भाकरी आणून देणार आहे? नऊ वर्षं मी कुणासाठी ह्या भट्टीत काढली? शहाजीचा काल पुन्हा फोन. म्हणाला, "वहिनी आता आमचं ऐकत नाहीत, तुझं तरी ऐकतात का बघ." माझ्या वयाच्या माणसाला हे ऐकावं लागतं. मी त्याला काय सांगू?

इथं पोरं मला नावानं हाक मारत नाहीत, "सरपंचबाईंचे मिस्टर" म्हणतात. आधी मजा वाटायची.

खुर्ची दोन दिवसांची असते. ती गेल्यावर घर राहतं. एवढं लक्षात ठेव.

मच्छिंद्र


भुरकेवाडी
६ ऑक्टोबर २०२४

अहो,

दीड महिना मी लिहिलं नाही. फोनवर पैसे मिळाले, आई बऱ्या आहेत, प्रांजलला चाचणीत चांगले गुण पडले, एवढंच बोललो आपण. तुम्हीही जास्त विचारलं नाहीत.

तुमच्या पत्राचं उत्तर मी चार वेळा लिहून फाडलं. आता ते देत नाही. माझ्यात तेवढं त्राण नाही. सकाळी पाण्याचा टँकर, मग घरकुलाच्या याद्या, मग तालुक्याला, संध्याकाळी कुणाच्या तरी गटाराचं भांडण, आणि स्वयंपाक आहेच. खुर्ची म्हणाल तर तिचा एक पाय मोडका आहे, खाली वीट लावली आहे.

दोन ऑक्टोबरच्या सभेतही विषय निघाला. मी म्हटलं, तलावाच्या पलीकडचा खडकाळ उतार घ्या, तिथं काही उगवत नाही. कैवल्यनं तो उतार पाहिला, प्रामाणिकपणे पाहिला. म्हणाला, "होईल, पण वीज सबस्टेशनपर्यंत न्यायला लांब पडेल. कंपनी मानणार नाही." भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "गायरान नाही तर प्रकल्प नाही. आणि प्रकल्प गेला तर त्याचं पाप कुणाच्या माथ्यावर ते गाव ठरवेल." पुन्हा गोंधळ, पुन्हा तहकूब. आता विधानसभेची आचारसंहिता लागेल म्हणतात. म्हणजे दिवाळीनंतरच.

त्या दिवसापासून दळपाच्या गिरणीत बायका माझ्याशी बोलायच्या थांबल्या आहेत. ज्यांची पोरं रिकामी बसली आहेत त्या.

तुम्हाला सांगायचं नसेल तर तसं सांगा. मी पुन्हा विचारणार नाही.

बबीता


दुखान
११ ऑक्टोबर २०२४

बबीता,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. गाडी चालवताना तेच डोक्यात होतं. आज लिहितो. एका दमात लिहितो, नाही तर लिहून व्हायचं नाही.

प्लांट बांधायला घेतला तेव्हा इथं माणसांचा बाजार होता. नेपाळी, बंगाली, आपली, सगळी. माझ्या गाडीला फेऱ्या पुरायच्या नाहीत. प्लांट उभा राहिला आणि बहुतेकांना घरी पाठवलं. राहिली ती पॅनेलवरची धूळ पुसणारी. मी त्यांना न्यायचो. आता धूळ पुसायला यंत्रं आलीत, रुळावर चालल्यासारखी रात्रीतून फिरून ब्रश मारतात. ह्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत मागं दोन माणसं असायची. एवढी मोठी गाडी, दोन माणसं. गेटवर पहारेकरी असतात, ते दोह्याच्या कुठल्या एजन्सीचे.

मी लिहिलं होतं की मीच करार वाढवणार नाही. तसं नाही. जूनमध्येच मुदीरनं बोलावून सांगितलं, "मच्छिंद्र, गुड मॅन, बट जानेवारी, खलास." मी बाहेर येऊन गाडीत एसी लावून बसलो. त्याच आठवड्यात शहाजीचा फोन आला. मला वाटलं देवच पावला. म्हणून तुझ्या प्रश्नांची उत्तरं लिहिली नाहीत. लिहिली असती तर माझीच जागा मी हातानं घालवली असती.

गवताचं विचारलंस. इथं गवतच नाही, तर काय सांगू. पण एक सांगतो. कुंपणाच्या उत्तरेला एक सुदानी माणूस उंट राखतो. मालक कतारी, राखणारा हा. आधी तो उंट सरळ नेत असणार, आता कुंपणाच्या कडेनं लांबून वळसा घालून जातो. उन्हाळ्यात तो माझ्या गाडीपाशी पाण्यासाठी थांबतो. मला अरबी येत नाही, त्याला हिंदी येत नाही. एकदा मी बोटानं कुंपण दाखवून विचारलं, कसं काय? त्यानं हातानं लांबच लांब वळसा काढून दाखवला आणि पाय चोळले. मग "शुक्रन" म्हणून गेला. त्याच्या मालकाकडं ट्रक आहेत, चारा विकत येतो, त्याचं भागतं. वरच्या आळीचं कसं भागेल ते मला माहीत नाही.

आतमध्ये जनावर सोडत नाहीत. कुत्रंसुद्धा नाही.

हे सगळं सभेत सांगायचं तर सांग. माझं नाव घेऊन सांग. माझ्या नोकरीचा विचार करू नकोस, म्हणजे करशीलच, पण त्यावर ठरवू नकोस. मी ऑगस्टमध्ये जे लिहिलं ते मी थकून लिहिलं. तूही थकलेली आहेस, पण तू तसं काही लिहीत नाहीस.

मच्छिंद्र


भुरकेवाडी
१५ डिसेंबर २०२४

अहो,

झाली एकदाची विशेष ग्रामसभा. शाळेच्या पटांगणात. या वेळी गणपूर्तीचा प्रश्नच नव्हता, लोक भिंतीवर बसले होते.

मी तुमचं नाव घेऊन सांगितलं. बांधताना माणसं लागतात, नंतर लागत नाहीत, पहारेकरी एजन्सीचे येतात. सगळं सांगितलं. मागून एक पोरगा ओरडला, "तुमच्या नवऱ्यानं नऊ वर्षं कमावलं, आता आमच्या पोटावर पाय का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडं बघितलं. डी.एड. झालेला, चार वर्षं घरी बसलेला पोरगा आहे.

मग मी तानूबाईला म्हटलं, तुम्ही बोला. मला वाटलं ती बोलली तर लोकांना कळेल. ती उठली, पदर सावरला आणि माझ्याकडं बघूनच बोलली.

"बाई, तू माझ्यासाठी भांडतीस, तुझं भलं हुईल. पन शेरडं मला लय आवडतात म्हनून न्हाईत माझ्याकडं. दुसरं काय न्हाई म्हनून हायेत. उन्हातानाचं हिंडून माझं कंबरडं गेलं. माझ्या नातवाला गेटवर हुबं केलं तर मी उद्या शेरडं इकती. न्हाई केलं तर माझं नशीब. मी हात वर करनार."

आणि तिनं हात वर केला. भाऊजी हसले. मला तिचा राग आला नाही. खाली बसावंसं वाटलं फक्त, पण अध्यक्ष मीच होते.

ठराव मंजूर झाला, भरपूर हातांनी. मी विरोधात हात वर केला, तशी नोंद करायला लावली. मग मी दोन गोष्टी ठरावात घालायला सांगितल्या. एक, तलावाच्या अंगाचा भाग कुंपणाबाहेर राहील. दुसरी, वरच्या आळीपासून तलावापर्यंत जनावरांना जायला रुंद वाट सोडायची आणि ती नकाशात दाखवायची. भाऊजी म्हणाले, "आता हे काय नवीन?" कैवल्य उठून म्हणाला, "तलावाजवळची जमीन चढउताराची आहे, ती सोडता येईल." त्यावर मी पुन्हा हात वर करायला सांगितलं. या वेळी आधी बायकांचे हात वर झाले. गिरणीत माझ्याशी न बोलणाऱ्या बायकांचेसुद्धा. पाणी सगळ्यांनाच लागतं. तेही मंजूर झालं.

स्थानिकांना नोकऱ्या असंही लिहा म्हटलं. कैवल्य हळूच मला म्हणाला, "लिहा मॅडम, पण ते आमच्यावर बंधनकारक राहणार नाही." तरी लिहिलं.

सही केली. माझ्या मनाविरुद्धचा ठराव, पण गावाचा. गावानं केल्यावर सरपंचाला सही करावी लागते.

सुपरवायझरची जागा आता भाऊजींच्या मेहुण्याला आहे. भाऊजी मला वाटेत थांबवून म्हणाले, "मच्छिंद्रला सांगा, तुम्हीच घालवलीत." मी सांगते आहे. मीच घालवली.

आता जानेवारीत तुमचं काय, ते तुम्ही ठरवा. इकडं काम नाही. तिकडं दुसरं काही मिळत असेल तर मी अडवणार नाही, आणि या म्हणूनही गळ घालणार नाही. नऊ वर्षांत आपल्या घरात फार वेळा दुसऱ्यानंच ठरवलं.

बबीता


दुखान
२७ डिसेंबर २०२४

बबीता,

तुझं पत्र मी नसरुद्दीनला वाचून दाखवलं. रागावू नकोस. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "भाभी हारली की जिंकली रे?"

त्यानंच माझ्यासाठी एक काम बघितलं होतं. दोह्यात अल हिलालला एक कुटुंब आहे, त्याच्या ओळखीचं, रत्नागिरीकडचंच, व्यापारी. घरच्या गाडीवर ड्रायव्हर. मुलांची शाळा, बाजार, एवढंच. मागच्या शुक्रवारी आम्ही गेलो. घरातल्या अनीसाबाईंनी स्वयंपाकघरातच बसवून चहा दिला, वर घावणे. त्यांची मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलली, मी मराठीत, चाललं. बाई म्हणाल्या, "आमच्याकडं राहा हो, माणसं मराठी आहेत, तुम्हाला परकं वाटायचं नाही." इतक्या चांगल्या बोलल्या की मी हो म्हणणारच होतो.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" म्हटलं, एक मुलगी. "कितवीत?" मी म्हटलं, नववीत. म्हटल्यावर लक्षात आलं, नाही, दहावीत. तुझ्या पत्रात होतं. मी चहा संपवला आणि त्यांना सांगितलं, विचार करून कळवतो. खाली येऊन नसरुद्दीनला म्हटलं, नाही कळवत. त्यानं नुसती मान हलवली. तोही बारा वर्षं इथंच आहे.

येतो मी. काम काय करणार ते माहीत नाही. थोडे दिवस काहीच करणार नाही, गुडघा दाखवीन. मग काहीतरी बघू, तालुक्याला शाळेची गाडी असेल, कुणाचा ट्रॅक्टर असेल. लोक म्हणतील नऊ वर्षं जाऊन शेवटी हेच. म्हणू देत. शहाजीशी मी भांडणार नाही, पण तो पुन्हा माझ्यामार्फत तुला निरोप देणार नाही, एवढं मी फोन करून त्याला सांगितलंय.

तू विरोधात हात वर केलास तेव्हा मी तिथं असायला हवा होतो. माझा हात कुठं गेला असता ते मला अजून ठरवता येत नाही. तुला खोटं सांगत नाही.

बारा जानेवारीला रविवारी सकाळी मुंबईला उतरतो. तिथून एसटीनं येईन, तुम्ही कुणी येऊ नका. सोमवारी सकाळी पंचायतीची मासिक सभा आहे असं आई फोनवर म्हणाली. मी आलो म्हणून ती बुडवू नकोस. मी घरी झोपतो, तू सभा करून ये.

मच्छिंद्र


भुरकेवाडी
३० डिसेंबर २०२४

अहो,

प्रांजल आणि मी मुंबईला येतो. शनिवारी संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण केलं आहे. विमानतळाच्या बाहेर थांबू, तुम्ही आम्हाला शोधा.

मासिक सभा मी बुधवारवर ढकलली आहे. तशी नोटीस काढली. ग्रामसेवकानं कारण विचारलं. मी म्हटलं, सरपंचाला तेवढा अधिकार आहे.

बबीता